सुईचें काम आणि लेखणीचें काम

क्रोशाचें विणकाम हा विषय आपल्याकडे फावल्या वेळच्या गोष्टींत मोडतो. ठाणें, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यांतील मराठी घरांत पाऊल टाकलें तर दारावरचें तोरण, पूजेच्या ताटावरचा रुमाल, बाळाचें टोपरें यांपैकीं कांहीं ना कांहीं क्रोशानें विणलेलें बहुधा आढळतें. तें कोणीं विणलें असें विचारलें तर घरांतील आजीचें, आत्याचें किंवा सुनेचें नांव कौतुकानें सांगण्यांत येतें. त्याचा नमुना कोणाचा असें विचारलें तर मात्र 'कुठेंसा पाहिला होता', 'शेजारच्या काकूंकडून उतरवून घेतला' एवढेंच उत्तर मिळतें. विणणारीला नांव आहे, नमुन्याला नाहीं. आज मला या निनांवी नमुन्याविषयीं बोलावयाचें आहे. क्रोशाचें काम उत्तम जाणणाऱ्या स्त्रीनें केवळ विणलेल्या वस्तु न विकतां, स्वतः रचलेले नमुने लिहून विकण्याचा स्वतंत्र व्यवसाय करावा काय, आणि करावयाचा तर त्यास काय लागतें, हा आजचा प्रश्न आहे.

प्रथम पैशाचा हिशेब पाहूं, कारण तोच बहुधा झांकून ठेवला जातो. दोन सुयांचें विणकाम यंत्रावर जाऊन शतकें लोटलीं. क्रोशाचें तसें झालें नाहीं. यंत्रावर केलेली, क्रोशासारखी दिसणारी जाळी बाजारांत मिळते. पण ती खरी क्रोशाची वीण नव्हे. खरी वीण व्यापारी प्रमाणावर अद्यापि मनुष्याच्या हातानेंच होते. ही अभिमानाची गोष्ट खरी, पण तिचा दुसरा अर्थ असा कीं, येथें विकलें जातें तें माणसाच्या आयुष्यांतले तास. समजा, टेबलावरच्या एका मोठ्या रुमालास 20 तास लागले, 150 रुपयांचा दोरा लागला आणि गिऱ्हाइकानें 600 रुपये दिले. हातीं उरले 450. म्हणजे तासाला साडेबावीस रुपये. दुसरा रुमाल विणावयाचा तर पुन्हा जवळजवळ तितकेच तास. हात कितीही सराईत झाला तरी टांके मोजकेच पडतात, आणि दिवसाचे तास तर कोणालाच वाढवितां येत नाहींत.

आतां तोच रुमाल कागदावर उतरवावयाचा आहे असें धरूं. नमुना बसविणें, उसविणें, पुन्हा विणणें, लिहिणें आणि दुसऱ्यांकडून पडताळून घेणें यांत 60 तास गेले असें समजूं. एक प्रत 150 रुपयांस विकली, तर नऊ प्रतींनीं त्या 60 तासांना तोच साडेबावीस रुपयांचा दर पडतो. दहाव्या प्रतीपासून पुढें जें येईल तें पुन्हा सुई न उचलतां येतें. हा हिशेब मोहक आहे. म्हणून त्याची दुसरी बाजूही सांगणें प्राप्त आहे. नऊ प्रती खपतीलच अशी हमी कोणी देत नाहीं. पडताळणीचा दोरा, छायाचित्रें, चुकीची दुरुस्ती यांचा खर्च आधीं होतो आणि प्राप्ति मागाहून, तीही थेंबाथेंबानें. याकरितां हातांतली मागणी सोडून नमुन्यांच्या मागें लागावें असें मी कोणाला सांगणार नाहीं. वर्षभर दोन्ही कामें शेजारीं शेजारीं चालवावीं आणि प्रत्येकाचे तास वहींत लिहून ठेवावे. ज्या कामाचे तास लिहिले जात नाहींत त्या कामाला घरांतही कोणी काम म्हणत नाहीं.

हें शेवटचें वाक्य सहज बोललों नाहीं. त्याला इतिहासाचा आधार आहे. आयर्लंडमध्यें 1845 पासून बटाट्याचें पीक बुडून भयंकर दुष्काळ पडला, तेव्हां तेथील कॉन्व्हेंटांनीं आणि परोपकारी स्त्रियांनीं गरीब बायका-मुलींना क्रोशाची लेस शिकविली. एकीनें गुलाब विणावे, दुसरीनें पानें विणावीं, तिसरीनें तीं जाळीनें जोडावीं, अशी कामाची वांटणी होती. त्या लेसनें कित्येक कुटुंबें जगलीं. परंतु त्यांतील बहुतेक विणणाऱ्यांचीं नांवें आज कोणाला ठाऊक नाहींत. त्याच काळांत लंडनमध्यें एलिओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर या बाई क्रोशाच्या कृतींचीं पुस्तकें काढीत होत्या. त्यांची आई आयरिश होती. 1840 नंतरच्या दशकापासून त्यांनीं पुस्तकामागून पुस्तक प्रसिद्ध केलें आणि 1851 च्या लंडनमधील महाप्रदर्शनांत त्यांच्या कामाला पदक मिळालें. सुई दोन्हीकडे एकच होती. एकीकडे तिच्या जोडीला लेखणी होती, दुसरीकडे नव्हती. आणि शंभर-दीडशें वर्षांनंतर नांव उरलें तें लेखणीवालीचें.

आपल्याच देशांतील दाखला याहून बोलका आहे. आंध्र प्रदेशांत गोदावरीच्या मुखाकडील नरसापूर आणि त्याच्या आसपासच्या गांवांत मिशनऱ्यांनीं एकोणिसाव्या शतकांत क्रोशाची लेस नेली. तेथें हजारो स्त्रिया घरबसल्या ती विणूं लागल्या आणि लेस परदेशीं जाऊं लागली. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनीं या स्त्रियांचा अभ्यास करून 1982 मध्यें त्यावर पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत त्यांनीं दाखविलें कीं, दिवसाचे कित्येक तास विणणाऱ्या या बायकांना कामगार समजलेंच जात नव्हतें. त्या 'घरीं बसलेल्या गृहिणी', आणि त्यांचें काम म्हणजे 'रिकाम्या वेळचा उद्योग'. नमुना कोणता, दर काय, माल कोठें जाणार, हें ठरविणारे व्यापारी निराळे होते. नरसापूरच्या या लेसला 2024 मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें ही आनंदाची गोष्ट आहे. पण मानांकनानें गांवाचें नांव राखलें जातें. विणणारीच्या हातीं नमुन्याची सत्ता येते असें नाहीं. डोंबिवलींतील एखाद्या गृहिणीला कोणी दोरा आणून देतो, नमुना दाखवितो आणि नगावर पैसे देतो, तेव्हां तीही याच वाटेवर उभी असते. यांत देणाऱ्याचा दुष्टावा असतोच असें नव्हे. पण ही व्यवस्था स्वातंत्र्याची नव्हे, एवढें ओळखावें.

मग लेखणी हातीं घ्यावयाची म्हणजे नेमकें काय करावयाचें? कृति लिहिणें म्हणजे आपण कधीं न पाहिलेल्या हाताला वाट दाखविणें. ही विद्या आपल्या स्त्रियांना परकी नाहीं. ठिपक्यांची रांगोळी पाहा. 'पंधरा ते आठ, मधले ठिपके' एवढे शब्द कानीं पडले कीं, ठाण्यांतील मुलगी नागपूरच्या मावशीची रांगोळी अंगणांत तशीच्या तशी मांडूं शकते. मधली ओळ पंधराची, वर आणि खालीं एकेक कमी करीत आठापर्यंत, आणि वरचा ठिपका खालच्या दोहोंच्या मधोमध: सारा सांगाडा त्या चार शब्दांत येतो. स्वयंपाकाचेंही तसेंच. कमलाबाई ओगले यांचें 'रुचिरा' हें 1970 मध्यें निघालेलें पुस्तक घरोघरीं गेलें, त्याचें एक मोठें कारण म्हणजे त्यांतील वाटी-चमच्याचीं नेमकीं प्रमाणें. 'अंदाजानें मीठ' हे शब्द सुगरणीला पुरतात; नव्या सुनेला पुरत नाहींत. क्रोशाच्या कृतींतही 'मग गोल वाढवीत न्यावा' हें वाक्य जाणत्या हाताला पुरतें, आणि जिला कृतीची खरी गरज आहे तिला तेंच अडवितें.

सपाट गोल रुमालाचेंच उदाहरण घ्या. साखळीचें कडें करून त्यांत 12 खांब घातले, तर दुसऱ्या फेरीला 24, तिसरीला 36, चौथीला 48 असे दर फेरीस बारा खांब वाढवावे लागतात. बाराच कां? फेरी एका खांबाच्या उंचीइतकी बाहेर सरकली कीं परीघ त्या उंचीच्या सुमारें सव्वासहा पट वाढतो. खांब हा साधारणतः रुंदीच्या दुप्पट उंच असतो. म्हणून वाढलेल्या परिघांत सुमारें बारा खांब मावतात. तोच गोल बुटक्या, उंची-रुंदी सारख्या असलेल्या टांक्यानें विणला तर दर फेरीस सहा वाढविल्यानें भागतें. वाढ कमी पडली तर काम वाटीसारखें वर वळतें. अधिक झाली तर कडेला झालरी पडतात. ही झालर पडण्याची खोड कॉर्नेल विद्यापीठांतील गणितज्ञ डायना टाइमिना यांनीं 1997 मध्यें मुद्दाम कामास लावली, आणि समांतर रेषांविषयींचा युक्लिडचा नियम ज्यावर चालत नाहीं असें पृष्ठ क्रोशानें विणून विद्यार्थ्यांच्या हातांत दिलें. आपल्या आजीच्या हाताला हें गणित पाठ होतें. तिनें तें आंकड्यांत मांडलें नाहीं इतकेंच. जी तें मांडूं शकते ती नमुना रचूं शकते. कारण मग तिला रुमालाचा गोल हवा तेथें थांबवून त्याची टोपी करतां येते, आणि तें कोणत्या फेरीला करावयाचें हें दुसरीला सांगतां येतें.

दुसरी गोष्ट हाताच्या ताणाची. कोणी दोरा सैल धरते, कोणी ताणून. म्हणून चांगल्या कृतीच्या आरंभीं दहा सेंटिमीटरच्या चौकोनांत किती टांके आणि किती ओळी बसल्या पाहिजेत हें लिहिलेलें असतें. समजा, रचणारीच्या हातीं दहा सेंटिमीटरांत 20 खांब बसतात आणि विणणारीच्या हातीं 18. शंभर सेंटिमीटर छातीच्या अंगरख्यासाठीं रचणारीनें 200 खांब सांगितले, तर विणणारीचा अंगरखा 111 सेंटिमीटर होतो. दोष कोणाचाच नाहीं, पण अंगरखा वायां गेला. ही एक ओळ न लिहिल्यामुळें परक्या घरांतील एका बाईचे तीसचाळीस तास आणि दोऱ्याचे पैसे बुडतात. कृतीचे पैसे घेतले म्हणजे ही जबाबदारीही घेतली.

तिसरी गोष्ट शब्दांची. इंग्रजी कृति वाचणाऱ्या भगिनींना हा घोळ ठाऊक असेल: ब्रिटनमध्यें ज्याला 'डबल क्रोशे' म्हणतात त्याला अमेरिकेंत 'सिंगल क्रोशे' म्हणतात. कृति कोणत्या बाजूची हें न पाहतां विणावयास घेतलें तर सगळें कामच बिघडतें. मराठींत साखळी आणि खांब हे शब्द चांगले रुळले आहेत. पण त्यापुढच्या टांक्यांचीं नांवें घरोघरीं बदलतात. याला उपाय दोन. एक, प्रत्येक कृतीच्या आरंभीं आपण वापरलेला प्रत्येक शब्द कसा विणावयाचा तें दोन ओळींत सांगणें. दुसरा, शब्दांबरोबर चिन्हांचा आराखडा देणें. जपानी पुस्तकांतील असे आराखडे भाषा न कळतांही जगभर वाचले जातात. दोन्ही द्यावे, कारण कोणाला वाचून समजतें, कोणाला पाहून.

चौथी गोष्ट पडताळणीची. आपलें लिहिलेलें आपल्याला नेहमींच बरोबर वाटतें, कारण जें लिहावयाचें राहिलें तें आपला हात भरून काढतो. म्हणून कृति तिघींना द्यावी: एक नवशिकी, एक बेताची जाणती आणि एक मुरलेली. त्या विणीत असतां शेजारीं बसून समजावून सांगूं नये. त्या जेथें अडतील तेथें कृति अडली असें समजावें आणि तें वाक्य पुन्हा लिहावें. त्यांना दोरा आपण द्यावा, शक्य तर मोबदला द्यावा, निदान कृतीच्या शेवटीं त्यांच्या संमतीनें त्यांचीं नांवें द्यावीं. ज्या निनांवीपणाबद्दल आपण तक्रार करतों तोच त्यांच्या वांट्याला देऊं नये.

आतां रचावें काय? येथें आमच्या बहुतेक होतकरू भगिनी परदेशी चित्रें पाहून लोकरीचे स्वेटर, गळपट्टे आणि हातमोजे रचूं लागतात. ठाण्याच्या दमट हवेंत लोकरीचा गळपट्टा किती दिवस वापरला जाणार? उलट आपल्या घरीं ज्या वस्तु खरोखर लागतात त्यांच्या कृति परदेशी पुस्तकांत सांपडणार नाहींत. रुखवताच्या वस्तु, बाळंतविड्यांतील टोपरें आणि कुंची, गणपतीच्या चौरंगावरचें आसन, गौरींसमोरची मांडणी, दाराचें तोरण यांचा विचार करा. तोरण घ्यावें तर दरवाजाची रुंदी कोठें तीन फूट, कोठें साडेतीन. नक्षीचें एक पान बारा टांक्यांचें असेल तर 'बाराच्या पटींत साखळ्या, वर एक' एवढें सांगितल्यानें कोणत्याही दाराला तें तोरण बसतें. असा नमुना रचणारी स्त्री कोणाची नक्कल करीत नाहीं. आणि दूरदेशीं राहणाऱ्या मराठी घरांनाही हाच नमुना हवा असतो, कारण तेथें तयार तोरण मिळत नाहीं.

हक्काविषयींही थोडें स्पष्ट बोललें पाहिजे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें लिहिलेली कृति आणि काढलेला आराखडा यांवर रचणारीचा हक्क ती लिहितांक्षणींच उत्पन्न होतो. त्यासाठीं नोंदणी केलीच पाहिजे असें नाहीं, आणि तो हक्क तिच्या हयातीनंतरही 60 वर्षें चालतो. परंतु हा हक्क लिखाणावर आणि चित्रावर आहे. खांब, साखळी, शिंपल्याची वीण हीं कोणाच्या मालकीचीं नाहींत. वस्तूच्या रूपाचें रक्षण हवें असेल तर त्यासाठीं 2000 चा डिझाइन कायदा वेगळा आहे. त्याखालीं नोंदणी करावी लागते, आणि नमुना जगासमोर मांडण्यापूर्वीं अर्ज करावा लागतो. याच कायद्याची दुसरी धार आपल्याकडेही वळलेली असते. परदेशी बाईची कृति मराठींत उतरवून ती आपली म्हणून विकणें ही चोरीच होय. भाषांतराचा हक्कही मूळ लेखिकेचाच असतो. ती कृति फुकट मिळाली होती, ही सबब चालत नाहीं. आपल्या कृतीच्या प्रती गटागटांतून फुकट फिरूं लागल्या कीं आपल्याला जो संताप येतो, त्यावरून दुसरीचें दुःख ओळखावें.

विक्रीचीं साधनें आज पुष्कळ आहेत. रॅव्हलरीसारखें, केवळ विणकामाला वाहिलेलें संकेतस्थळ 2007 पासून चालू आहे आणि तेथें जगभरच्या रचणाऱ्या आपल्या कृति विकतात. गांवांतल्या गांवांत मोबाइलवरून पैसे घेण्याची सोय तर भाजीवाल्यापर्यंत पोंचली आहे. तरी पहिलें गिऱ्हाईक मी परदेशांत शोधणार नाहीं. मुंबईहून ठाण्याला आगगाडी 1853 मध्यें आली, दुसऱ्या वर्षीं ती कल्याणपर्यंत गेली, आणि 1992 मध्यें कल्याणहून खास स्त्रियांची लोकलगाडी सुरू झाली. या मार्गावर स्त्रियांच्या डब्यांत भाजी निवडली जाते, पोथी वाचली जाते, आणि बसावयास जागा मिळाली तर सुईही चालते. क्रोशाला एक सुई आणि एक गुंडी एवढेंच लागतें. स्थानक आलें कीं काम पिशवींत जातें. एका प्रवासांत एक चौकोन पुरा होईल, आणि दोनतीन आठवड्यांत चौकोन जोडून पिशवी तयार होईल, अशी कृति मराठींत लिहिली गेली तर तिच्या वाचक त्याच डब्यांत बसलेल्या आहेत.

आणि शेवटीं एक सूचना. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय 1864 चें आहे. ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चें. भाषेचें धन एकत्र ठेवावें म्हणून या संस्था आपल्या पूर्वजांनीं उभ्या केल्या. टांक्यांचीं नांवें हेंही भाषेचेंच धन आहे. या गांवांतील विणणाऱ्या स्त्रियांनीं अशा एखाद्या वाचनालयांत महिन्यांतून एकदां जमावें; प्रत्येक टांक्याला घरोघरीं काय म्हणतात तें लिहून काढावें; त्यांतून एकेक नांव सर्वांनीं ठरवावें; आणि घरांत पडून असलेले जुने नमुने, विणणारीचें नांव आणि साल घालून, एका वहींत उतरवावे. हें काम झालें तर पुढें स्वतंत्रपणें कृति लिहूं पाहणाऱ्या मुलीला प्रत्येक शब्द नव्यानें घडवीत बसावें लागणार नाहीं, आणि वृद्ध भगिनींच्या हातांतील विद्या त्यांच्याबरोबर जाणार नाहीं.

प्रत्येक विणणारीनें नमुनाकार व्हावें असें माझें म्हणणें नाहीं. पुष्कळांना विणण्यांतच समाधान असतें आणि तें समाधान थोर आहे. परंतु जिला या कलेवर पोट भरावयाचें आहे, तिनें आपल्या हाताला जें ठाऊक आहे तें आधीं वहींत उतरवावें. आरंभ घरांतल्या एखाद्या साध्या रुमालापासून करावा: टांके मोजावे, लिहावे, आणि ती वही ज्या शेजारणीनें तो रुमाल कधीं पाहिला नाहीं तिच्या हातीं द्यावी. तिच्या हातून तोच रुमाल उतरला, तर धंद्याची पहिली परीक्षा उतरली असें समजण्यास हरकत नाहीं.